समुद्राचा मासा अळणी का लागतो? नॉर्वेच्या गोठवलेल्या सॅल्मनविषयी

छत्रपती संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत गोठवलेल्या मालाची दुकाने निघाली आहेत. त्यांतल्या एका दुकानात नॉर्वेच्या सॅल्मनचे पाकीट आता बाराही महिने मिळते. पाकिटात प्रत्येकी दोनशे ग्रॅमचे दोन तुकडे असतात, काटे काढलेले असतात, एका बाजूची कातडी तशीच ठेवलेली असते, आणि किलोचा हिशेब मांडला तर भाव दोन हजार रुपयांच्या पुढे जातो. एवढ्या पैशांत पैठणहून येणारा रोहू किंवा कटला किती येईल, याचा विचार मराठवाड्यातला कोणताही गिऱ्हाईक करणारच. माझे मत आधीच सांगून टाकतो : माल चांगला आहे, भाव चढा असला तरी तो का चढा आहे हे समजण्यासारखे आहे, मात्र पाकिटासोबत जे माहितीपत्रक दिले जाते ते इतके चुकीचे आहे की, त्याबरहुकूम शिजवणाऱ्याचे पैसे वाया जातील.

माहितीपत्रक मराठीत आहे ही कौतुकाची गोष्ट. त्यात गोठलेला मासा कसा सोडवावा, तव्यावर किती वेळ ठेवावा, याच्या सूचना बऱ्यापैकी नीट दिल्या आहेत. त्यानंतर ठळक अक्षरांत लिहिले आहे की, हा मासा खोल समुद्रातील खाऱ्या पाण्यात वाढलेला असल्यामुळे त्यात नैसर्गिक मीठ भरपूर असते, म्हणून शिजवताना वेगळे मीठ घालू नये. दुकानदारानेही पाकीट हातात देताना आपुलकीने बजावले, ‘‘सर, दर्याचा मासा आहे, मीठ जरा हात राखून घाला.’’ शहरातल्या एका उपाहारगृहात ‘ग्रिल्ड सॅल्मन’ या नावाने जो पदार्थ येतो, तोही असाच फिका असतो आणि विचारले तर वाढणारा हेच कारण सांगतो. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या आठ जिल्ह्यांत ही समजूत एवढी घट्ट का बसली असावी हे समजते, कारण आपल्याकडे समुद्राचा मासा पिढ्यान्‌पिढ्या आला तो सुकटीच्या आणि खाऱ्या बोंबलाच्या रूपात. तो खारट असे, पण त्याचे कारण त्याला लावलेले किंवा वाळताना त्यात आटून राहिलेले मीठ हे होते.

गंमत अशी की, माहितीपत्रकाचे खंडन त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेले आहे. पोषणमूल्यांच्या तक्त्यात शंभर ग्रॅम मांसाला सोडियम ५९ मिलिग्रॅम असे लिहिले आहे आणि वाढवलेल्या अटलांटिक सॅल्मनसाठी हा आकडा अगदी बरोबर आहे. समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात एक ग्रॅमहून थोडे अधिक सोडियम असते. म्हणजे ज्या पाण्यात हा मासा वाढला, त्याच्या साधारण अठराव्या हिश्श्याएवढेच सोडियम त्याच्या मांसात उतरले आहे. आकड्यांवर विश्वास नसेल तर जिभेवर ठेवावा. मी नाथसागरातल्या, म्हणजे पैठणच्या धरणाच्या जलाशयातल्या, रोहूचा एक तुकडा आणि या पाकिटातला एक तुकडा, दोन्ही मीठ न लावता शेजारी-शेजारी वाफवले. रोहू अळणी लागला आणि सॅल्मनही तितकाच अळणी लागला. चरबीमुळे सॅल्मनला एक गोडसर, लोण्यासारखा घट्टपणा होता, रोहूला किंचित मातकट वास होता, पण मिठाच्या बाबतीत डोळे मिटून कोणता कोणता ते ओळखता आले नसते. आईने सॅल्मनचा घास घेऊन ताट बाजूला सारले. ‘‘अरे, हे तर अळणी आहे. समुद्रातलं म्हणतोस ना?’’ असे ती म्हणाली.

समुद्रातले आहे आणि तरीही अळणी आहे, कारण तसे राहण्यासाठी या माशाने जन्मभर कष्ट उपसलेले असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडे असलेल्या माशांच्या रक्तातल्या क्षारांचे एकूण प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे दवाखान्यात लावतात त्या सलाइनच्या बाटलीच्या जवळपास, आणि हे प्रमाण मासा नदीत असो की समुद्रात, फारसे हलत नाही. बाहेरचे पाणी बदलते, आतले बदलून चालत नाही. कल्ल्यांचा पडदा प्राणवायू आत घेण्यासाठी अतिशय पातळ असावा लागतो आणि पातळ पडद्यातून पाणी झिरपणारच. पाणी नेहमी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे जाते, याला परासरण म्हणतात. स्वयंपाकघरात सॅल्मनच्या तुकड्याला मीठ चोळून ताटलीत ठेवले की थोड्या वेळात तुकड्याभोवती पाणी जमते, ते याच कारणाने. जिवंत माशाच्या बाबतीत समुद्र हेच ते चोळलेले मीठ असते. समुद्रातला मासा पाण्यात राहून सतत वाळत असतो. नदीतला मासा सतत फुगत असतो.

नाथसागरातल्या रोहूचा बंदोबस्त एकाच दिशेचा आहे. त्याच्या अंगात पाणी शिरत राहते, म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही, मूत्रपिंडे भरपूर आणि अतिशय पातळ लघवी तयार करतात, आणि त्यातून जे थोडेफार क्षार वाहून जातात ते तो अन्नातून आणि कल्ल्यांतल्या खास पेशींच्या मदतीने पाण्यातून परत ओढून घेतो. गोड्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड नावापुरतेच असते, तरी या पेशी ते वेचून घेतात. रोहूला उचलून समुद्रात सोडले तर हीच व्यवस्था त्याच्या जिवावर उठेल, कारण तिला उलटे फिरता येत नाही. सुरमईला किंवा पापलेटला गोदावरीत सोडले तर त्यांचेही तेच होईल. बहुतेक माशांनी एक पाणी निवडलेले असते. सॅल्मनने दोन्ही ठेवली आहेत, आणि या पाकिटाच्या किमतीतला मोठा भाग त्याच्याशी निगडित आहे.

समुद्रात गेलेला सॅल्मन पहिली गोष्ट करतो ती म्हणजे समुद्राचे पाणी पितो. तहान भागवायला खारे पाणी पिणे हे आपल्या दृष्टीने आत्मघातकी ठरेल, कारण माणसाच्या मूत्रपिंडाला समुद्राच्या पाण्याएवढी खारी लघवी तयार करता येत नाही. माशाचे मूत्रपिंड तर याहून कमकुवत असते. ते रक्तापेक्षा अधिक खारी लघवी तयारच करू शकत नाही. मग प्यायलेल्या पाण्यातल्या मिठाचे होते काय? प्रथम अन्ननलिकेतच बरेचसे सोडियम आणि क्लोराइड शरीरात शोषले जाते, त्यामुळे पोटात पोहोचणारे पाणी बरेच कमी खारे झालेले असते. आतडी उरलेले क्षार ओढून घेतात आणि त्या क्षारांच्या मागोमाग पाणीही रक्तात येते. आतड्यातून पाझरणाऱ्या बायकार्बोनेटमुळे कॅल्शियमचे पांढरे कण तयार होऊन ते विष्ठेवाटे बाहेर जातात. मॅग्नेशियम आणि सल्फेट यांचा जो अंश रक्तात शिरतो तो मूत्रपिंडे थोड्याशा लघवीत भरून टाकतात. पाणी मिळाले, पण रक्तात साधे मीठ वाढले. ते बाहेर काढण्याचे काम कल्ल्यांवर येते.

हा उलगडा तसा अलीकडचा आहे. अमेरिकेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० साली पाण्यात एक रंग मिसळून तो समुद्री माशांच्या आतड्यात साठतो हे दाखवले आणि हे मासे समुद्राचे पाणी पितात हे पक्के केले. पाठोपाठ अँसेल कीज यांनी ईल माशाच्या कल्ल्यांवर प्रयोग करून क्लोराइड तिथूनच बाहेर पडते हे सिद्ध केले, आणि १९३२ मध्ये त्यांनी विल्मर यांच्यासह त्या कामाच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच कीज पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्याच्या पाकिटामुळे आणि त्यानंतर भूमध्य समुद्राकाठच्या आहाराच्या अभ्यासामुळे जगभर गाजले. आज सॅल्मनचे पाकीट ‘हृदयासाठी उत्तम’ असे लिहून विकले जाते, त्या विचारामागे कीज यांचाही हात आहे. त्यांची सुरुवात मात्र माशाच्या मिठापासून झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

कल्ल्यांतल्या या पेशींना क्लोराइड पेशी म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनी अक्षरशः ठासून भरलेल्या दिसतात, आणि त्याला कारण आहे. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक प्रथिन-पंप असतो. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) पेशीबाहेर, म्हणजे रक्ताच्या बाजूला, ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण सोडियम तर अंगाबाहेर टाकायचे आहे. पण पेशीच्या आत सोडियम असे कमी ठेवले की ते परत आत शिरण्यासाठी धडपडते, आणि त्या ओढीचा उपयोग करून दुसरे एक प्रथिन सोडियमबरोबर पोटॅशियम आणि क्लोराइडचे दोन आयन रक्तातून पेशीत आणते. पेशीत साठलेले क्लोराइड समुद्राकडच्या बाजूच्या एका वाटेने पाण्यात निसटते. क्लोराइड ऋणभारित असल्यामुळे ते बाहेर पडले की विजेचा जो फरक तयार होतो त्याच्या ओढीने सोडियम शेजारच्या पेशींमधल्या फटींतून बाहेर जाते. मूळ पंप फिरवायला ऊर्जा लागते, बाकी सगळे त्याच्या जोरावर चालते. क्लोराइड ज्या वाटेने बाहेर पडते तेच प्रथिन माणसाच्या फुप्फुसांतही असते, आणि ते सदोष असले तर सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे या भागावर जरा रेंगाळलो. पण सॅल्मनच्या ताटात मीठ का नाही याचे खरे उत्तर हेच आहे.

आता अधिक कठीण भाग. सॅल्मनची पिल्ले नदीत जन्मतात, आणि तिथे त्यांची व्यवस्था रोहूसारखीच असते : पाणी बाहेर टाका, मीठ राखा. या वयातल्या पिल्लाला पार म्हणतात. त्याच्या कुशीवर बोटे उमटल्यासारखे गडद उभे पट्टे असतात, तो प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून आपली जागा राखून बसतो आणि दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. अटलांटिक सॅल्मन नदीच्या उबेनुसार एखाद्या वर्षापासून चार-पाच वर्षांपर्यंत असा राहतो. मग एका वसंतात दिवस मोठा होऊ लागला की डोळ्यांवाटे मिळालेली ती खूण मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीपर्यंत जाते, वाढीचे संप्रेरक, कॉर्टिसॉल आणि थायरॉइडचे संप्रेरक वाढते, नदीत मीठ राखायला मदत करणारे प्रोलॅक्टिन ओसरते, आणि पिल्लाचे रूपच पालटते. खवल्यांवर ग्वानिन या चकाकत्या पदार्थाचा थर बसून ते चांदीसारखे चकाकू लागते, अंग सडसडीत होते, भांडखोरपणा जाऊन ते थव्यात मिसळते आणि प्रवाहासोबत खाली निघते. याला स्मोल्ट म्हणतात. कल्ल्यांतला तो पंपही बदलतो. त्याचे गोड्या पाण्यातले रूप आणि खाऱ्या पाण्यातले रूप निराळे असते, आणि समुद्रासाठीचे रूप वाढू लागते ते पिल्लू अजून नदीतच असताना. समुद्राचा एक थेंबही लागलेला नसताना शरीर समुद्राची तयारी करून बसते. ही तयारी कायम टिकत नाही. ठरावीक आठवड्यांत समुद्र गाठला नाही तर पिल्लू हळूहळू पुन्हा नदीच्या व्यवस्थेकडे वळते.

माशांची पैदास करणाऱ्यांचा धंदा या थोड्याशा मुदतीवर उभा आहे. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर दोन भावांनी समुद्रात तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत सॅल्मन वाढवून दाखवला आणि आज तो देश वर्षाला दहा लाख टनांहून अधिक सॅल्मन काढतो. पण समुद्रातले पिंजरे हा त्यातला दुसरा टप्पा झाला. पहिले साधारण वर्षभर पिल्ले जमिनीवरच्या बंदिस्त टाक्यांत, गोड्या पाण्यात असतात. तिथे निसर्गातल्या वसंताची वाट पाहत नाहीत. सहा-एक आठवडे दिवस लहान ठेवून खोटा हिवाळा दाखवतात आणि नंतर चोवीस तास दिवे लावून खोटा उन्हाळा आणतात, म्हणजे सगळी पिल्ले एकाच सुमारास स्मोल्ट होतात. ती खरोखर तयार झाली का हे पाहण्यासाठी काही पिल्लांना एक दिवस खाऱ्या पाण्यात ठेवून त्यांच्या रक्तातले क्षार मोजतात. तयार पिल्लाच्या रक्तातले क्षार जागेवर राहतात, कच्च्या पिल्लाच्या रक्तात ते चढत जातात. कच्ची पिल्ले घाईने समुद्रात सोडली तर काही मरतात आणि वाचलेली खुरटतात, आणि तो तोटा वसूल व्हायला पुढची दीड-दोन वर्षे जातात. आपल्याकडे रोहू-कटल्याचे बोटुकले जलाशयात सोडले की पाणी, खाद्य आणि जाळे एवढाच हिशेब उरतो. सॅल्मनच्या बाबतीत एका माशाला दोन पाणी, दोन ठिकाणे आणि मधला हा परीक्षेचा दिवस लागतो. पाकिटाच्या भावात विमानाचे किंवा बर्फाच्या पेटीचे भाडे आहे, आयात शुल्क आहे, हे खरे. पण मुळात माशाची घडणच महागडी आहे.

निसर्गातला सॅल्मन पुढे समुद्रातून जन्मनदीकडे परततो, तिच्या पाण्याच्या वासाचा माग काढतो, आणि सगळी यंत्रणा पुन्हा उलटी फिरवतो. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो, अंगातली चरबी आणि मांस अंडी घालण्याच्या कामी खर्ची घालतो. प्रशांत महासागराकडच्या जाती त्यानंतर मरतात, अटलांटिक सॅल्मनपैकी काही जगून पुन्हा समुद्रात जातात. खवय्याच्या दृष्टीने परतीच्या वाटेवर थकलेला मासा निकृष्ट असतो, म्हणून पैदास करणारे तो वयात येण्याआधीच समुद्रातून काढून घेतात. पाकिटातल्या माशाने हा प्रवास अर्धाच केलेला असतो. आपल्या गोदावरीतही असा प्रवासी आहे. हिलसा नावाचा मासा पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून नदीत चढतो, आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि त्याचा भाव ऐकून आपल्या सॅल्मनचे पाकीट स्वस्त वाटू लागते. पण तो राजमहेंद्रीच्या आसपासच राहतो, धरणे ओलांडून पैठणपर्यंत यायची त्याला सोय नाही.

आता ताटाकडे. पाकिटावर तपकिरी खूण, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, आयात करणाऱ्याचे नाव आणि गोठवल्याची तारीख, सगळे जागच्या जागी आहे. तुकड्यांवर बर्फाचा पातळ थर असतो, तो मांस सुकू नये म्हणून मुद्दाम चढवतात, आणि निव्वळ वजन त्या थराशिवायचे लिहिले आहे ते तपासता बरोबर निघाले. रंग नारिंगी-गुलाबी आहे. हा रंग खाण्यातून येतो. समुद्रातला सॅल्मन कोळंबीसारखे जीव खाऊन ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य मिळवतो, पिंजऱ्यातल्या माशाला ते खाद्यात घालून देतात. त्यामुळे गडद रंग पाहून मासा ताजा किंवा जंगली आहे असे समजू नये. गोठण सोडवल्यावर वास अगदी सौम्य होता. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे एक संयुग असते, गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत ते फार थोडे असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि तोच तो बाजारातला नकोसा वास. मुशीसारख्या शार्कच्या जातीत हे संयुग आणि युरिया दोन्ही भरपूर असतात, कारण शार्कने समुद्राशी बरोबरी करण्यासाठी वेगळीच युक्ती निवडली : पाणी बाहेर जाऊ नये म्हणून रक्तच युरियाने दाट करून ठेवले. म्हणूनच शिळ्या मुशीला अमोनियाचा भपकारा येतो. या सॅल्मनला असा कोणताही वास नव्हता, म्हणजे वाटेत गोठवणुकीची साखळी कुठे तुटलेली नव्हती.

तरी आपल्या भागात एक काळजी घ्यावीच लागते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते-येते, आणि दुकानाचा फ्रीजर दोन तास बंद राहिला तर पाकीट विकत घेणाऱ्याला ते सांगायला कोणी येत नाही. पाकिटाच्या आत मोठमोठे बर्फाचे स्फटिक जमले असतील, तुकडे एकमेकांना चिकटून वाकडे गोठले असतील किंवा कोपऱ्यात गुलाबी पाणी गोठलेले दिसत असेल, तर तो माल एकदा विरघळून पुन्हा गोठलेला आहे असे समजून परत ठेवावा. त्याच दुकानात रावस हा मासा ‘इंडियन सॅल्मन’ अशी पाटी लावून कमी भावात ठेवलेला असतो. रावस चवीला उत्तम आहे, पण त्याचे सॅल्मनशी कुळाचे नाते नाही, त्याचे मांस पांढरे असते आणि ही सगळी चरबी त्यात नसते. घेणाऱ्याने काय घेतो आहोत ते ठरवून घ्यावे.

शिजवण्याची रीत माहितीपत्रकातली पाळावी, मिठाचे वाक्य सोडून. पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवावे, पाणी टिपून घ्यावे आणि वजनाच्या एक टक्का मीठ, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या तुकड्याला दोन ग्रॅम, चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. त्याने चव येतेच, शिवाय तव्यावर तुकड्याच्या कडांतून पांढरे, फुटलेल्या दुधासारखे जे प्रथिन बाहेर येते तेही कमी होते. मीठ न लावलेल्या तुकड्यावर ते इतके आले की घरातल्यांना मासा नासका वाटला. तो नासका नव्हता, आच जास्त आणि मीठ शून्य एवढेच. कातडी खाली ठेवून मध्यम आचेवर भाजावे आणि मांस फाकेफाकेने सुटू लागले की उतरवावे. कच्चा खाण्याची हौस घरच्या फ्रीजच्या भरवशावर करू नये, जंत मरण्यासाठी लागणारी थंडी तिथे सलग टिकत नाही.

मसाल्याच्या बाबतीत मराठवाड्याची पद्धत या माशाला मानवत नाही, हे मला कबूल करावेसे वाटत नव्हते, पण ते तसे आहे. येसर, काळा मसाला आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घालून केलेल्या रश्श्यात दोन हजारांचा मासा आणि दोनशेंचा मासा सारखाच लागतो. रश्श्यातली चिंच नाथसागरातल्या माशाला हवीच असते, कारण धरणातल्या शेवाळी जिवाणूंमुळे मांसात उतरणारा जिओस्मिन हा मातकट वासाचा पदार्थ आंबटाने मोडतो. सॅल्मन समुद्रातल्या पिंजऱ्यातून आलेला असल्याने त्याला हा वास नसतो, आणि चिंच घातली तर मोडायला काहीच नसल्यामुळे ती नुसतीच आंबट लागते. लसूण, थोडे तिखट, मीठ आणि ज्वारीच्या पिठाचा हलका हात एवढेच पुरे. त्याच्याबरोबर भाकरी चांगली लागते, कारण शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास असलेली चरबी कोरड्या भाकरीला ओलावा देते. भाताबरोबर मात्र तोंड लवकर ओशट होते.

घ्यावे की नाही? रोजच्या जेवणासाठी नाही. मरळ किंवा कटला ज्यांना ताजा मिळतो त्यांनी तो सोडून याच्या मागे लागू नये. काट्यांमुळे मासे टाळणारी मुले आणि म्हातारी माणसे घरात असतील, किंवा सणासमारंभाला काही वेगळे करायचे असेल, तर पैसे वसूल होतात. घेताना पोटाच्या बाजूच्या पातळ तुकड्यापेक्षा पाठीच्या बाजूचा जाड तुकडा निवडावा, तो सारखा शिजतो. हा मासा चरबीचा असल्याने फ्रीजरमध्येही दोन-तीन महिन्यांपलीकडे ठेवला तर खवट होतो, तेव्हा सवलत आहे म्हणून एकदम चार पाकिटे घेण्यात शहाणपण नाही. दुकानदाराला मी मागचा तक्ता आणि माहितीपत्रक शेजारी-शेजारी धरून दाखवले. ‘‘सर, हे तर आमच्या कधी ध्यानातच आलं नाही,’’ असे म्हणून त्याने ते वाक्य पेनाने खोडले आणि उरलेल्या गठ्ठ्यातली पत्रकेही खोडायला पोराला बसवले. पुरवठादाराकडून दुरुस्त पत्रक अजून आलेले नाही, तोवर खोडलेले मागून घ्यावे.